पार्किन्सन्सचे निदान झाल्यावर लेखन चालू ठेवता येते का?

आपल्याला पार्किन्सन्सचे निदान नुकतेच झाले आहे, उपजीविका लेखनावर आहे, आणि ते पुढे जमेल का, असे आपण विचारले आहे. मी गेली काही वर्षे हा आजार सांभाळून लिहीत आहे. माझ्या अनुभवापुरते उत्तर 'होय' असे आहे. मात्र लिहिण्याची पद्धत आणि वेळ, दोन्ही बदलावी लागतात.

लोकांना या आजारात थरथरणारा हात तेवढा दिसतो आणि लेखकालाही धास्ती त्याचीच वाटते. प्रत्यक्षात हा कंप बहुधा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना जास्त असतो व पेन उचलले की अनेकदा कमी होतो. काही रुग्णांना तर कंप नसतोच. लेखनाच्या आड येतो तो हालचालींतला मंदपणा. हालचाली सुरळीत ठेवणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी कमी होत जातात, तशा आजवर विनासायास होणाऱ्या क्रिया आपोआप होईनाशा होतात. माझ्या बाबतीत हे अक्षरात उमटले. ओळीतला पहिला शब्द नेहमीसारखा टपोरा यायचा, चौथ्या-पाचव्या शब्दापासून अक्षर आक्रसू लागायचे, आणि ओळ संपेपर्यंत काना कुठला व वेलांटी कुठली हे मलाच उमगत नसे.

त्यावर उपयोगी पडली ती लहान मुलांची दुरेघी वही. दोन रेघांमधली जागा भरायची, एवढेच लक्षात ठेवले की अक्षर पुन्हा मोठे येते, कारण डोळ्यांना बाहेरची खूण मिळाली की मेंदू तीच हालचाल जाणीवपूर्वक करवून घेऊ शकतो. या आजारात कधीकधी दारातून जाताना पाय जागच्या जागी खिळतात, तेव्हा फरशीवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या ओलांडत पुढे जाता येते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. लांब मजकूर मी आता संगणकावरच लिहितो, पण टिपणे अजून हातानेच काढतो आणि ती सोडण्याची माझी इच्छा नाही.

वेळेचे गणित लेव्होडोपाच्या, म्हणजे मेंदूत डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या औषधाच्या, गोळीवर बसवावे लागते. गोळी घेतल्यावर काही वेळाने शरीर मोकळे होते आणि काही तासांनी तिचा परिणाम ओसरतो. त्या मधल्या काळात मी नवे लिहितो आणि उरलेल्या वेळात वाचन करतो. डाळ, दही, पनीर, अंडी यांतील प्रथिनांमुळे हे औषध शोषले जाण्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचे हे आपल्या न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून विचारावे. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे आहे, तरीही कोणी सांगितले म्हणून तिचे चूर्ण परस्पर सुरू करू नये, आणि चालू गोळ्या तर एकाएकी कधीही थांबवू नयेत. ते धोक्याचे असते.

आपण न विचारलेली एक गोष्टही सांगतो, कारण ती मला कंपापेक्षा जड गेली. या आजारात चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, पापण्यांची उघडझाप कमी होते आणि आवाज बारीक होतो. माझी नात शाळेतली कविता म्हणून दाखवत होती आणि मी अगदी मनापासून ऐकत होतो. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला आवडली नाही का?" माझ्या चेहऱ्यावर त्या आनंदाची एक रेषही उमटली नव्हती. तेव्हापासून मला काय वाटते ते मी घरच्यांना बोलून दाखवतो, मोठ्याने आणि पूर्ण वाक्यांत, आणि आवाज टिकावा म्हणून रोज पानभर मजकूर खड्या आवाजात वाचतो. आपल्या घरच्यांनाही हे आताच समजावून सांगावे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा स्वमदत गट आहे. तेथे किंवा आपल्या गावाजवळच्या अशा गटात जाल, तेव्हा पती, पत्नी किंवा मुले, जे कोणी आपल्याबरोबर राहत असतील, त्यांना सोबत न्यावे.