रेझ्युमेत गोत्र, मुलाखतीत पोहे

नोकरीच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या या सदराकडे या वेळी बऱ्याच वाचकांनी पत्राबरोबर रेझ्युमेही जोडून पाठवले. नावं-पत्ते गाळून त्यातले काही प्रश्न घेतले आहेत.

मुलगा बी.कॉम. झालाय, टॅली येतं. ओळखीच्या गृहस्थांकडून चार पानांचा रेझ्युमे करून घेतला आणि चाळीस कंपन्यांना मेल केला. एकाही ठिकाणाहून फोन नाही. रेझ्युमे आणि मेलची प्रत जोडली आहे. — एक वडील, रामबाग, इंदूर

पहिल्या पानावर जन्मवेळ, उंची, गोत्र आणि मामांचं आडनाव आहे. या कागदावर मुली सांगून येतील, नोकरी येणार नाही. हे सगळं काढा. वैवाहिक स्थिती, धर्म आणि वडिलांचा हुद्दाही काढा. आधार आणि पॅनचे क्रमांक तर कुठल्याच रेझ्युमेत नकोत. कागद कुणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो.

नंतर ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक वातावरणात काम करून प्रगती साधणे’ हे ध्येय. ते प्रत्येकाच्याच रेझ्युमेत असतं, म्हणून कुणी वाचत नाही. त्या जागी तीन ओळी पुरतात: शिक्षण, येणारं काम, आणि कधीपासून रुजू होता येईल. ‘मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर’ यावरही काट मारा. आपण आळशी असल्याचं आजवर कुणी लिहिलेलं नाही. नुसतं ‘टॅली येतं’ लिहूनही भागत नाही. टॅलीप्राइममध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँकेचा ताळा, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरण्याची तयारी, टीडीएसच्या नोंदी यांतलं जे हातून झालंय तेवढंच लिहा, आणि महिन्याला साधारण किती बिलं हाताळली तो आकडा द्या. नवख्या मुलाला एक पान भरपूर झालं. तळाला ‘वरील माहिती खरी आहे’ ही घोषणा आणि गेल्या वर्षीची तारीख आहे. दोन्ही गेलं तरी चालेल.

आता मेल. चाळीसच्या चाळीस पत्ते एकाच ओळीत घातले आहेत, म्हणजे प्रत्येक कंपनीला उरलेल्या एकोणचाळीस दिसल्या. विषयाची ओळ कोरी आहे. फाइलचं नाव ‘न्यू रेझ्युमे फायनल २ (१)’. ती डाउनलोड करणाऱ्याकडे याच नावाच्या आणखी दहा फाइली असणार. नाव, आडनाव, पद एवढंच फाइलचं नाव ठेवा आणि प्रत्येक कंपनीला वेगळा मेल करा.

नोकरीच्या पोर्टलवर रेझ्युमे चढवला की माझ्या नावाच्या रकान्यात ‘एक्सेल’ येतं. रेझ्युमे दोन रंगी आणि सुंदर आहे. — एक वाचक, सुदामा नगर

सुंदर आहे, तीच अडचण आहे. पोर्टलचं सॉफ्टवेअर मजकूर ओळीने वाचतं. दोन रकाने, टेक्स्ट बॉक्स आणि टेबलं आली की डावी-उजवी बाजू एकमेकांत मिसळते आणि कौशल्यांच्या यादीतला शब्द तुमच्या नावाच्या जागी जाऊन बसतो. घरीच तपासता येईल: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे वरून खाली नीट वाचता आलं तर ठीक. काहीच उतरलं नाही तर तुमची पीडीएफ म्हणजे स्कॅन केलेला फोटो आहे, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी ते कोरं पान असू शकतं.

हिंदीत अर्ज करणाऱ्यांची गत याहून वाईट. कृतिदेव या जुन्या हिंदी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. समोरच्याच्या संगणकावर तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो आणि रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. पीडीएफ केली तर डोळ्यांना देवनागरी दिसते, पण कॉपी केल्यावर पुन्हा तोच कचरा. मंगल किंवा निर्मलासारखा युनिकोड फाँट वापरा.

एक्सेलपुढचे पाचपैकी चार तारेही काढून टाका. ते तुम्हीच तुम्हाला दिलेले आहेत. त्याऐवजी पिव्हट टेबल, एक्सलुकअप असं जे येतं ते लिहा.

विजयनगरच्या एका कंपनीत विचारलं, ‘इंदुरात रोज सकाळी किती प्लेट पोहे खपतात?’ मी ‘खूप’ म्हणालो. पुढे काही कळवलं नाही. — एक तरुण, परदेशीपुरा

‘खूप’ हे उत्तर खरं आहे, पण त्याने नोकरी मिळत नाही. अशा प्रश्नात तुम्ही अंदाज कशावरून बांधता तेवढंच पाहतात, म्हणून हिशेब मोठ्याने मांडायचा. शहराची लोकसंख्या सोयीसाठी २५ लाख धरली. पाचातला एक जण बाहेर पोहे खातो असं मानलं, तर ५ लाख प्लेट झाल्या. आता उलट बाजूने ताळा. एक गाडी सकाळी ६ ते ११ चालली आणि तासाला ६० प्लेट गेल्या, तर दिवसाला ३००. म्हणजे ५ लाखांसाठी सुमारे १,७०० गाड्या लागतील. महापालिकेचे वॉर्ड ८५. वॉर्डामागे २० गाड्या. आपल्या गल्लीचा अनुभव पाहता हे पटण्यासारखं आहे. हाच आकडा वॉर्डामागे २०० आला असता, तर ‘पाचातला एक’ हे गृहीत मागे घ्यायला हवं होतं. तेही बोलून दाखवायचं, कारण चूक स्वतः पकडणारा माणूस मुलाखत घेणाऱ्याला आवडतो. शेव-जिरावणाचा खर्च मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

प्रश्न बाष्कळ आहे का? बहुतेक वेळा, हो. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं होतं की विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यातून फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं. ‘तुम्ही प्राणी असता तर कोणता?’ हा त्यातलाच. निम्मे उमेदवार वाघ होतात. कॅश काउंटरवर वाघ कशाला हवा? कुठलाही प्राणी घ्या, कामाशी जोडणारं एक वाक्य बोला आणि पुढे चला.

‘लग्न झालंय, मग मुलाबाळांचं काय?’ असं विचारतात. काय सांगू? — एक वाचक, लोकमान्य नगर

प्रश्नामागची शंका ‘ही टिकेल का’ एवढीच असते. त्या शंकेलाच उत्तर द्या: ‘शिफ्टची वेळ आणि प्रवास मला जमणारा आहे, लांबचा विचार करूनच अर्ज केलाय.’ घरची माहिती देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. पुन्हा खोदून विचारलं तर ‘या कामात त्याचा संबंध कुठे येतो?’ असं शांतपणे विचारायला हरकत नाही. एकाच कामाच्या भरतीत स्त्री म्हणून डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे.

इंदूरजवळ पीथमपूरच्या एका कारखान्यात चार महिने काढले, ते रेझ्युमेत दाखवले नाहीत. कळेल का? — नाव नको

पीएफ कापला असेल तर कळेल. यूएएन हा पीएफ सदस्याचा १२ आकडी क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो, आणि त्याच्या नोंदीत प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख असते. चार महिने दाखवा आणि सोडण्याचं कारण एका ओळीत द्या. तारखा ताणून मधली जागा बुजवू नका. दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की आलेली ऑफरही मागे घेतात.

वर्षाला ४ लाख २० हजार सीटीसी म्हणजे महिन्याला ३५ हजार ना? — एक वाचक, राजेंद्र नगर

नाही. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. मूळ पगार निम्मा, म्हणजे १७,५०० धरला, तर कंपनीचा पीएफ २,१००, तुमचा पीएफ २,१०० आणि ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी सुमारे ८४० वजा होते. हाती ३० हजारांच्या जरा आत, आणि त्यातून व्यावसायिक कर. म्हणून अपेक्षित पगार विचारला की हाती येणारा आकडा आणि सीटीसी दोन्ही वेगळे सांगा.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात. ‘नाही सर’ म्हटलं तर चालतं ना? — एक वाचक, पलासिया

चालतं, पण विचारून घ्या. प्रोबेशन किती महिन्यांचं, त्यात पगार वेगळा का, शिफ्ट बदलते का, साप्ताहिक सुट्टी कधी. मूळ मार्कशीट ठेवून घेतात का तेही विचारा. घेत असतील तर झेरॉक्स द्या. नोंदणी फी किंवा ट्रेनिंग डिपॉझिट मागितलं तर उठून या. आणि कारखाना पीथमपूरला असेल तर कंपनीची बस तुमच्या भागातून जाते का, ते पगाराआधी विचारा.