तीस-पस्तीस वर्षं जुनी छोटी मोटरहोम मिळतेय. आधी दुरुस्ती कशाची करू, आणि तिच्यातून लांबचा प्रवास झेपेल का?

तुमच्या प्रश्नातल्या गाडीचं वर्णन असं: छोट्या ट्रकच्या चेसिसवर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, विकणारा म्हणतो इंजिन एकदम मस्त. आणि तुम्हाला ठरवायचंय की पैसे आधी इंजिनावर घालायचे की आतल्या गाद्या-पडदे-रंगावर.

दोन्हीवर नको, आधी छपरावर घाला. या गाड्या भंगारात जातात त्या बहुतेक पाण्यामुळे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं सुटं मिळतं आणि कुठलाही बरा मेकॅनिक ते बसवून देतो. पण बाहेर पातळ पत्रा, आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मधे थर्माकोल आणि आतून ३ मिलिमीटरचं प्लायवूड अशी भिंत कुजली, की ती उघडून पुन्हा बांधायला जितके तास जातात त्यांची मजुरी गाडीच्या किमतीला भारी पडते. फायबरग्लासच्या अखंड कवचाची गाडी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तीच घ्या. सांधे कमी, म्हणजे गळायच्या जागाही कमी.

पाहायला जाल तेव्हा गादी उचला आणि डोक्यावरच्या पलंगाच्या पुढच्या खिडकीचे खालचे दोन कोपरे अंगठ्याने जोरात दाबा. प्लाय दबलं किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखं मऊ लागलं, तर आतली आडवी पट्टी गेली असं धरून चाला. मग हेच मागच्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यांत, छतातल्या झरोक्याभोवती, चाकाच्या कमानीवर आणि कपाटांच्या आत करा. बाहेरून वरच्या बाजूला जे छोटे दिवे असतात, त्यांच्या मागच्या वायरीच्या भोकातून हमखास पाणी उतरतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम: १५ टक्क्यांच्या आत ठीक, १५ ते २० मध्ये नजर ठेवायची, २५ च्या पुढे भिंत उघडावी लागणार, आणि ३० च्या वर लाकूड बहुधा कुजलेलंच. आत फॉइल किंवा पट्टीचा स्क्रू असेल तर मीटर खोटं जास्त दाखवतं, म्हणून एकाच भिंतीवर पाच-सहा ठिकाणी मोजून तुलना करा. आणि एकाच कोपऱ्यात नवा कोरा वॉलपेपर दिसला, तर त्याच्यामागे काय आहे ते आधी बघा.

गळती शोधताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डाग दिसतो त्या जागेच्या वर किंवा पुढे, कधी मीटरभर लांब, पाणी आत शिरलेलं असतं. पाइपने पाणी मारून बघायचं तर खालून सुरुवात करा, एकेका भागावर पाच-दहा मिनिटं, आणि हळूहळू वर जा. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे सगळे झरोके बंद करून, चिकटपट्टीने भेगा झाकून, एका खिडकीत पंखा लावून आत हलका हवेचा दाब तयार करायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे बुडबुडे येतात तिथे गळती.

आता सील करायचं काम. वरून सीलंटची रेघ ओढणं हा उपाय नाही. ओल आतच कोंडते आणि कुजणं चालूच राहतं. कोपऱ्याची अॅल्युमिनियमची पट्टी काढा. त्यासाठी आधी तिच्या खाचेतली प्लास्टिकची झाकणपट्टी ओढून काढावी लागते, तिच्याखाली स्क्रू असतात. जुना वाळलेला मसाला, म्हणजे सीलंट, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, स्पिरिटने पुसा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. आर्द्रता खेचणारं यंत्र लावलं तरी यात आठवडे जातात, घाई करू नका. मग पट्टीच्या मागे २० ते २५ मिलिमीटर रुंदीची, ३ मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल टेप (न वाळणारी, चिकट रबरी पट्टी) लावून पट्टी बसवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, आणि एकदम करकचून आवळू नका. ब्यूटाइल सावकाश पसरतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी आवळा आणि बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाका. स्क्रू नुसताच फिरत असेल तर खालचं लाकूड गेलंय. जरा मोठा स्क्रू घालून दोन पावसाळे निघतील, पण खरा इलाज म्हणजे भोक मोकळं करून इपॉक्सीत लाकडी खुंटी बसवणं.

सिलिकॉन मात्र हातात धरू नका. ते सुटतं तेव्हा कडेने सुटतं आणि त्याच्या डागावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही. आंबट वासाचं सिलिकॉन तर अॅल्युमिनियमही खातं. छपराच्या सपाट भागावर आपोआप पसरणारा रूफ सीलंट चालतो, उभ्या सांध्याला पॉलियुरेथेन. अॅक्रिलिक खिडक्यांना पॉलियुरेथेन आणि त्याच्याबरोबरचे क्लीनर टाळा, त्यांनी अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. तिथे ब्यूटाइल किंवा न वाळणारा मसालाच बरा.

छप्पर कोरडं झालं की चाकांकडे या. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. या गाड्या वर्षातले बरेच महिने उभ्या असतात, म्हणून नक्षी नव्यासारखी आणि बाजूच्या भिंतीला बारीक तडे, असं नेहमी दिसतं. सहा-सात वर्षांनंतर टायर बदला, नक्षी कितीही छान असो. साधे रबरी व्हॉल्व ६५ पीएसआयपर्यंतचे असतात आणि मागच्या टायरांची हवा अनेकदा त्याच्या आसपास किंवा वर जाते, म्हणून टायरबरोबर धातूचे व्हॉल्वही घाला.

हवा किती भरायची हे वजनावरून ठरतं, आणि वजनाचा अंदाज बांधायचा नसतो. पाणी, गॅस, माणसं, भांडीकुंडी सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा-मागचा अॅक्सल वेगवेगळा तोला. मागच्या चाकांच्या मागे लटकणारा भाग इथे घात करतो. चाकांमधलं अंतर ३ मीटर असेल आणि मागच्या अॅक्सलच्या १.५ मीटर मागे तुम्ही १०० किलो सामान ठेवलंत, तर मागच्या अॅक्सलवर १५० किलो वाढतात आणि पुढचा ५० किलोंनी हलका होतो. म्हणजे मागचे पाटे बसतात, पुढचं स्टिअरिंग तरंगतं, आणि जोराच्या वाऱ्यात गाडी भरकटते. मागच्या शिडीवर सायकली टांगायच्या आधी हा हिशेब करा.

गाडी टोयोटा हायलक्सच्या चेसिसवरची असेल, तर मागच्या चाकाचे नट मोजा. सुरुवातीच्या काही गाड्यांना मूळ पिकअपचाच हलका अॅक्सल ठेवून जोडचाकं लावली होती. पाच नट दिसले तर तोच. त्यात गाडीचं वजन थेट हाफ शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर येतं, बेअरिंग जातं, शाफ्ट तुटतो आणि चाक शाफ्टसकट बाहेर पडतं. नंतरच्या सहा नटांच्या फुल-फ्लोटिंग अॅक्सलमध्ये वजन हबच्या बेअरिंगवर असतं. पाच नटांची गाडी अॅक्सल बदलल्याशिवाय प्रवासाला काढू नये, यात माझ्याकडे तडजोड नाही. याच गाड्यांतल्या २२आर आणि २२आरई इंजिनात टायमिंग चेनला जागेवर धरणारे प्लास्टिकचे गाइड तुटतात. मग चेन पुढचं कव्हर घासत जाते आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं. थंड इंजिन चालू करताना पुढून खडखड आली की कव्हर उघडायला लावा, आणि धातूची पाठ असलेले गाइड घाला.

बाकी इंजिनात कौतुकाचं काही नाही. ओझं ओढणारं छोटं इंजिन चढावर हीट होतं, म्हणून रेडिएटर, थर्मोस्टॅट, होसपाइप, कॅप आणि फॅन क्लच एकदमच करून घ्या. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र न बघता बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर मऊ पडतं, चिरतं, आणि आग तिथूनच लागते. इंजेक्शनचं इंजिन असेल तर त्या दाबाची नळी आणि तिच्याच क्लिपा हव्यात, साध्या चालत नाहीत.

ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. जुने रबरी ब्रेक होसही बदला. ते आतून फुगतात. पाय दाबला की ऑइल जोराने पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही, आणि ते चाक धरून राहतं. मेकॅनिक मग कॅलिपरला दोष देत बसतो. मागे वजनानुसार ब्रेक वाटून देणारा व्हॉल्व असेल तर त्याचा दांडा हाताने हलवून बघा, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तो गंजून जाम असतो.

गॅसच्या बाबतीत नळीवरची तारीख पाहा. दहा वर्षं झाली असतील तर बदला, तुमच्याकडे त्याहून कडक नियम असेल तर तो पाळा. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला जे भोक असतं ते गळलेला गॅस खाली निघून जावा म्हणून असतं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. थंडी किंवा झुरळं येतात म्हणून लोक ते बुजवतात. बुजवलेलं असेल तर आधी मोकळं करा. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. थंड प्रदेशात जाणार असाल तर प्रोपेन घ्या. ब्यूटेनची शून्य अंशाच्या आसपास वाफच होत नाही आणि शेगडी पेटत नाही.

जुन्या गाडीतला फ्रिज बहुधा शोषण पद्धतीचा असतो: कॉम्प्रेसर नाही, अमोनियाचं द्रावण उष्णतेने फिरतं. म्हणून गाडी सपाट उभी हवी. तिरकी उभी करून तासन्‌तास चालवला तर द्रावण अडतं, बॉयलर नुसताच तापतो आणि युनिट कायमचं जातं. घ्यायच्या आधी मेनवर, म्हणजे घरच्या विजेवर, रात्रभर चालवून बघा. मागच्या जाळीतून अमोनियाचा वास किंवा नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर युनिट फुटलंय. ती पूड विषारी असते, हात लावू नका. मेनवर चालतो पण गॅसवर गार होत नाही, असं असेल तर धुराड्यातला गंज बर्नरवर पडलेला असतो. तो झाडून काढा. जेट स्पिरिटमध्ये भिजवून फुंका, तार घालू नका. तारेने भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते.

बारा व्होल्टवर हा फ्रिज साधारण १० अँपिअर घेतो, आणि तो फक्त गाडी चालू असतानाच त्यावर ठेवायचा. बॅटरी फ्रिजपासून ६ मीटर दूर असेल आणि वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तर जाऊन-येऊन १२ मीटर तांब्यात ०.८४ व्होल्ट जातात, म्हणजे फ्रिजच्या हीटरची ताकद सुमारे तेरा टक्क्यांनी घटते. ६ चौरस मिलिमीटरची वायर घातली की ०.३५ व्होल्टच जातात. "फ्रिज प्रवासात गार होत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हे किंवा अर्थिंगची गंजलेली जोडणी असते. साधी लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरा: काही चालू नसताना १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियम घालणार असाल तर मधे डीसी-टू-डीसी चार्जर (करंट मर्यादेत ठेवणारं उपकरण) हवाच, नाहीतर ती बॅटरी अल्टरनेटरकडून इतका करंट खेचते की तो जळतो. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

पाण्याची टाकी धुवायला १०० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच १०० मिलिलिटर पुरे. सगळे नळ वास येईपर्यंत उघडा, चारेक तास ठेवा, मग दोन-तीनदा धुवून काढा. त्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. नळ बंद असताना पंप मधेच क्षणभर घुर्र करत असेल तर कुठेतरी गळतंय.

लांबचा प्रवास? झेपतो, ताशी ८० च्या आसपास समाधान मानलंत तर. पहिली फेरी शंभरेक किलोमीटरची आणि एका रात्रीची करा, पाऊस असेल तर फारच छान, छपराची परीक्षाही होऊन जाईल. चाकं काढून बसवली असतील तर ५० ते ८० किलोमीटरवर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) पुन्हा आवळा. दर थांब्याला चारही हबजवळ पालथा हात न्या. एक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. गाडीची उंची झरोक्यासकट मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा, कारण भाड्याच्या किंवा रोजच्या कारची सवय कमानीखाली नेमकी आठवते. अरुंद वळणावर मागचा भाग उलट्या बाजूला झोकतो, हे मोकळ्या मैदानात आधी करून बघा. उतारावर त्याच गिअरमध्ये उतरा ज्यात तो घाट चढला असतात.

सोबत बेल्ट, वरचा-खालचा रेडिएटर होस, फ्यूज, बल्ब, कूलंट, दोन मीटर जाड वायर, ब्यूटाइल टेपचा एक रोल असू द्या. आणि गाडीबरोबर मिळालेला जॅक एकदा घरीच लावून बघा. तो मूळ पिकअपचा असेल तर भरलेली मोटरहोम त्याला उचलत नाही, तीन टनी बाटली जॅक आणि खाली ठेवायला जाड फळी घ्या.