पोराच्या दारात ‘आइस’ उभं राहिलं तर राज्य मधे पडतं का?

या वेळी पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सअप मिळून जे काही आलंय त्यातलं निम्म्याहून जास्त अमेरिकेबद्दलच आहे, आणि त्यात नवल कसलं, आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कुठलंही दार ठोठावा, एक तरी लेकरू न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला असतंच. त्यामुळे घरवेरो, म्हणजे घरपट्टी, आणि सोसायटीच्या पार्किंगची भांडणं पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

माझा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहे, सून जोडीदाराच्या एच-४ वर. मुलगा म्हणतो, आई टेन्शन घेऊ नकोस, आपलं स्टेट इमिग्रंट लोकांच्या बाजूचं आहे, पोलीस त्या आइसवाल्यांना मदत करत नाहीत. मग ते तोंड झाकलेले लोक तिथे येतातच कसे? राज्याचे पोलीस त्यांना हाकलून का देत नाहीत?
— एक आई, मांजलपूर

ताई, आधी त्या नावाबद्दल. मी पहिल्यांदा हेडलाइनमध्ये ‘आईस’ वाचलं तेव्हा मला ‘तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार’ हाच मायना आठवला, आणि ही कुठली एजन्सी म्हणून दोन मिनिटं तसाच बसलो. तर हे म्हणजे इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, २००३ मध्ये सुरू झालेलं, बेकायदा राहणाऱ्यांना पकडून परत पाठवणारं, होमलँड सिक्युरिटी खात्याखालचं, म्हणजे केंद्राचं. तुमचा मुलगा अर्धं बरोबर सांगतोय. उरलेलं अर्धं त्याने सांगितलं नाही, किंवा त्यालाही माहीत नसेल.

असं समजा की महानगरपालिकेचा माणूस वेरो वसूल करायला तुमच्या सोसायटीत आला. वॉचमन त्याला गेटवर अडवू शकतो का, नाही, तो सरकारी कामावर आलाय. पण वॉचमनने त्याच्यासोबत मजल्या-मजल्यावर फिरून बेल वाजवायची, कोण घरात आहे, कोण नोकरीला कुठे जातो, कोणाचा भाडेकरू नवीन आहे हे सगळं त्याला सांगत बसायचं, हे त्याच्या पगारात नाही, आणि कमिटीने त्याला सांगितलं की तू आपलं गेट सांभाळ, तर पालिका त्या वॉचमनला कामाला जुंपू शकत नाही. न्यू जर्सी जे करतंय ते एवढंच आहे, ‘येऊ नका’ नाही म्हणत, ‘आमचा माणूस मिळणार नाही’ म्हणतंय.

हे तिथे कागदावर आलं नोव्हेंबर २०१८ मध्ये, तेव्हाचे राज्याचे ऍटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल, शीख घरातले, त्यांनी राज्यातल्या सगळ्या पोलिसांसाठी एक आदेश काढला. नुसत्या इमिग्रेशनच्या संशयावरून कोणाला थांबवायचं नाही, अटक करायची नाही, कारण नसताना स्टेटस विचारायचं नाही, आणि जेलमधून सुटणाऱ्या माणसाला केवळ आइसने सांगितलं म्हणून अडकवून ठेवायचं नाही, गंभीर गुन्ह्यांना यात सूट ठेवलीय. यामागचं कारण भावनिक वगैरे नाही, अगदी पोलिसी कारण आहे, ज्याच्या घरात चोरी झाली तोच फोन करायला घाबरला तर चोर सापडायचा कसा. ओशन आणि केप मे या दोन काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, या आदेशाविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २०२१ मध्ये थर्ड सर्किट या केंद्राच्या अपील कोर्टात हरल्या.

ते जेलमधून सुटताना अडकवून ठेवणं, त्याला डिटेनर म्हणतात, त्याचा किस्सा सांगण्यासारखा आहे. पेनसिल्वेनियात एका माणसाचा जामीन झाला तरी त्याला तीन दिवस जास्त आत ठेवलं कारण आइसचा डिटेनर आलेला, आणि माणूस निघाला न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकन नागरिक! २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही, म्हणजे ठेवून घेतलं तर ती काउंटीचीही जबाबदारी. तेव्हापासून बऱ्याच काउंट्यांना अचानक शहाणपण आलं, पैसे भरायची वेळ आली की येतंच.

पण जिथे राज्य ‘मदत नाही’ च्या पुढे जाऊन ‘अडवणार’ म्हणायला गेलं तिथे ते आपटलंय. न्यू जर्सीने २०२१ मध्ये खाजगी कंपन्यांना इमिग्रेशन डिटेन्शन सेंटर चालवायला बंदी करणारा कायदा केला, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच थर्ड सर्किटने तो फेटाळला, केंद्राच्या कामात आडकाठी म्हणून. त्याआधी मे मध्ये नेवार्कच्या डिलेनी हॉल नावाच्या सेंटरबाहेर चक्क नेवार्कचे महापौर रास बराका यांनाच फेडरल एजंटांनी अटक केली, केस नंतर मागे घेतली तो भाग वेगळा. तर ताई, ज्या शहराचा महापौर स्वतःच्या शहरात हातकड्या घालून घेतो तिथले पोलीस यांना हाकलतील ही आशा सोडा.

आता घरातल्या कामाचं. मी दोन वर्षांपूर्वी मुलीकडे होतो तेव्हा तिने फ्रिजवर, दत्ताच्या मॅग्नेटच्या खाली, एक कागद लावलेला, त्यावर दोन वॉरंटांचे नमुने छापलेले. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, तोच ठसा, तोच बारीक टाइप. पण एकावर वर होमलँड सिक्युरिटीचं नाव आणि खाली त्यांच्याच ऑफिसरची सही, दुसऱ्यावर वर डिस्ट्रिक्ट कोर्टाचं नाव आणि खाली जज्जची सही. घरात शिरायला दुसरा लागतो, पहिल्यावर तुम्ही स्वतः दार उघडून या म्हणालात तरच. म्हणून कागद दाराच्या फटीतून आत सरकवा किंवा काचेला लावा म्हणायचं, दार बंद ठेवूनच. मात्र जानेवारी २०२६ मध्ये त्या एजन्सीचा एक आतला मेमो बाहेर आला की ज्यांची हद्दपारीची फायनल ऑर्डर झालीय त्यांच्या घरात आमच्या वॉरंटवरही जाऊ, आणि यावर वकील लोक भांडतायत. तुमच्या मुलाची तशी ऑर्डर नाही, पण ते जबरदस्तीने आत आलेच तर अंगाने अडवायचं नाही, ‘माझी परवानगी नाही’ एवढं तोंडाने म्हणायचं आणि वकिलाला फोन.

आमची मुलगी डॅलसला आहे. तिथे पण असंच का?
— निझामपुरा

नाही हो, तिथे बरोबर उलटं. टेक्सासने २०१७ मध्येच कायदा करून शहरांना ‘मदत करणार नाही’ म्हणायला बंदी घातली, आणि २०२५ च्या नव्या कायद्याने जेल चालवणाऱ्या काउंट्यांच्या शेरीफना, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखांना, आइसशी करार करायलाच लावलाय. तो करार १९९६ च्या कायद्यातला आहे, त्यात लोकल पोलिसालाच इमिग्रेशनचं थोडं काम सोपवतात. म्हणजे डॅलसला सिग्नल तोडल्याबद्दल पकडलेला माणूस आणि एडिसनला सिग्नल तोडलेला माणूस यांची संध्याकाळ सारखी जाईलच असं नाही. मुलीला सांगा, गाडी नीट चालव आणि लायसन्स एक्सपायर होऊ देऊ नकोस.

माझा भाचा एजंटकडून मेक्सिकोमार्गे गेला होता, आता शिकागोत आहे. एजंट म्हणतो इलिनॉय सँक्च्युअरी स्टेट आहे, तिथे कोणी हात लावत नाही, थोड्या दिवसांनी पेपर पण होतील. खरं का? नाव छापू नका.

खोटं. स्पष्टच लिहितो कारण याच थापेवर लोक जमीन विकतात.

सँक्च्युअरी हा शब्दच घोळाचा आहे, ऐकून वाटतं देवळात शिरलो की आता कोणी हात लावणार नाही. इलिनॉयचा ट्रस्ट ऍक्ट २०१७ चा आहे, आणि त्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नरने, हे आज कोणाला सांगितलं तर पटत नाही. तो कायदा पण तेच सांगतो, आमचे पोलीस तुमचं काम करणार नाहीत. केंद्राने यावर केस केली, जुलै २०२५ मध्ये शिकागोच्या फेडरल जज्जने ती काढून टाकली. कायदा टिकला, छान. आणि सप्टेंबरात केंद्राने स्वतःचे एजंट शिकागोत उतरवले आणि धरपकड सुरू केली! दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि भाचा त्या दोन्हींच्या मधे उभा आहे. राज्य कोणालाही ‘पेपर’ देऊ शकत नाही, ड्रायव्हिंग लायसन्स देऊ शकतं, व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही, काही नाही.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला जे लष्करी विमान उतरलं त्यात १०४ जण होते, त्यातले ३३ आपल्या गुजरातचे, बेड्या घालून आणलेले. आणि डिंगुचा गावचं ते कुटुंब कॅनडाच्या बॉर्डरवर कसं गोठून मेलं, जानेवारी २०२२, ते मी परत लिहीत नाही. भाच्याला तिथल्या इमिग्रेशन वकिलाकडे पाठवा, इथल्या एजंटकडे अजून एक रुपया नाही.

सर, मी एलएलबी सेकंड इयरला आहे. राज्य सरकार केंद्राचा कायदा पाळणार नाही असं म्हणूच कसं शकतं? आपल्याकडे गुजरात किंवा महाराष्ट्राने असं केलं तर चालेल का?
— फतेगंज

बाळा, तुझा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, नाहीतर मला वाटलेलं की हा कॉलम आता फक्त आईवडीलच वाचतात.

पहिलं, ‘पाळणार नाही’ आणि ‘राबवून देणार नाही’ यात फरक आहे आणि सगळी केस त्या फरकावर उभी आहे. इमिग्रेशन केंद्राचं हे तिथे पक्कं आहे, ऍरिझोनाने स्वतःच कडक इमिग्रेशन कायदा केला तेव्हा २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातला बराचसा उडवला, हा प्रांत तुमचा नाही म्हणून. पण त्यांच्या दहाव्या घटनादुरुस्तीवरून कोर्टाने दुसरं पण एक तत्त्व काढलंय, केंद्र राज्याच्या नोकरांना हुकूम सोडून कामाला लावू शकत नाही. आणि गंमत बघ, यातली मोठी केस १९९७ ची प्रिंट्झ, ती बंदुकीची आहे. बंदूक विकत घेणाऱ्याची चौकशी लोकल शेरीफने करावी असा केंद्राचा कायदा होता, मॉंटानाचा शेरीफ म्हणाला मी नाही करणार, आणि जस्टिस स्कालिया, पक्के कॉन्झर्वेटिव्ह, त्यांनी निकाल लिहिला की बरोबर आहे शेरीफचं. तेव्हा बंदूकवाले खूश. मग २०१८ मध्ये मर्फी केसमध्ये परत तेच तत्त्व, ती तर न्यू जर्सीचीच, खेळांवरच्या सट्ट्याची. सट्टा आणि बंदूक यांच्यासाठी घडवलेली ढाल आज इमिग्रंट लोकांच्या बाजूची राज्यं धरून उभी आहेत, सासूने सुनेसाठी केलेला नियम सासूलाच लागला म्हणतात ना, तसं.

अजून मागे जायचं तर १८४२, प्रिग विरुद्ध पेनसिल्वेनिया. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत द्यायचा केंद्राचा कायदा होता, कोर्टाने कायदा कायम ठेवला पण त्याच निकालात म्हटलं की राज्याच्या अधिकाऱ्यांवर त्याची सक्ती करता येणार नाही, आणि उत्तरेकडच्या राज्यांनी लगेच ते वाक्य उचललं, आमची जेलं तुम्हाला मिळणार नाहीत. ही केस नीट वाच, व्हायव्हात कोणी विचारणार नाही पण तुला उपयोगी पडेल.

हा, केंद्र पैशाची अट घालू शकतं, दारू पिण्याचं वय २१ करा नाहीतर हायवेचा थोडा निधी कापू, हे १९८७ मध्ये चाललं. पण सगळाच निधी डोक्यावर बंदूक ठेवल्यासारखा रोखता येत नाही, हे २०१२ च्या आरोग्य विम्याच्या केसमध्ये आलं. ट्रम्प सरकार निधी रोखायला गेलं की राज्यं आणि शहरं कोर्टात जातात ती या दोन केसेसच्या मधल्या जागेत.

आता आपलं. इथे हे चालणार नाही. आपली घटना वेगळ्या घडणीची आहे, कलम २५६ उघड, प्रत्येक राज्याने आपला कारभार असा करायचा की संसदेच्या कायद्याचं पालन होईल, आणि त्यासाठी केंद्र राज्याला निर्देश देऊ शकतं. नाही पाळले तर पुढे कलम ३६५ आहे आणि त्याच्यापुढे राष्ट्रपती राजवट, ते तुला माहीत आहे. परदेशी नागरिकांचा १९४६ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आलाय, तो पण राज्याचेच पोलीस राबवणार, त्यांना ‘आमचा माणूस मिळणार नाही’ म्हणायची सोय नाही. केरळने डिसेंबर २०१९ मध्ये सीएएविरुद्ध विधानसभेत ठराव केला आणि मग कलम १३१ खाली, म्हणजे केंद्र-राज्य वादासाठीच्या कलमाखाली, सुप्रीम कोर्टात गेलं, म्हणजे ठराव आणि दावा एवढं करता येतं. मला स्वतःला २५६ ची भाषा जरा जास्तच कडक वाटते, पण फाळणीच्या धुरात बसून लिहिणाऱ्यांना ती तशीच हवी होती.

तसं म्हटलं तर बडोद्याच्या माणसाला हे समजायला अवघड जायला नको. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांनी बादशहाला एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून चालते झाले, एवढ्यावरून केवढं काहूर उठलेलं. लढाई पुकारली नाही, खंडणी नाकारली नाही, नुसतं ठरलं होतं तेवढं वाकले नाहीत.

नातू तिथे जन्मलेला आहे, त्याला पासपोर्ट खिशात घेऊन शाळेत पाठवायचं का? आणि मुलाने काय ठेवायचं?
— आजी, वाडी

आजी, नातू नागरिक आहे, त्याला काहीही जवळ बाळगायची कायद्याने सक्ती नाही, आणि शाळेच्या दप्तरात पासपोर्ट म्हणजे तो डब्यातल्या लोणच्याच्या तेलात भिजणार. घरी ठेवा, फोटो मोबाइलमध्ये. मुलाचं वेगळं, १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने रजिस्ट्रेशनचा पुरावा जवळ ठेवायचा हा जुनाच कायदा आहे, फक्त २०२५ पासून कडक झाला. व्हिसावाल्यांसाठी तो पुरावा म्हणजे आय-९४, देशात शिरल्याच्या नोंदीचा कागद, सुनेचा वेगळा, मुलाचा वेगळा, प्रिंट काढून पाकिटात. तो सरकारी वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकला की फुकट निघतो, गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका बाईंकडून अलकापुरीतल्या एका कन्सल्टंटने त्याचे पंधराशे रुपये घेतले, तेही ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट.