'टीएमटी निगेटिव्ह' आली म्हणून जिम लावू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी फाइल डोळ्यांपुढे आली. तुम्ही लिहिलंय: वय 26, महाधमनीच्या (हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीच्या) झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या, दोन मजले चढले की धाप, हातात 'टीएमटी निगेटिव्ह' (टीएमटी म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती चाचणी) आणि जिम लावू का हा प्रश्न. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेवढं धरून वाचा. बायकस्पिड म्हणतात ती हीच दोन पाकळ्यांची झडप, आणि ती पुढे अरुंद होऊ शकते.

त्या 'निगेटिव्ह'पायी माझी दोन वर्षं गेली. सेंटरचं नाव सांगत नाही. चपला घालून गेले होते, तर अनवाणीच पट्ट्यावर चढवलं. पाचव्या मिनिटाला अंधारी आली, दांडा घट्ट धरला, थांबवा म्हटलं. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, तुम्हाला चालायची सवय नाही." रिपोर्टवर ईसीजीचा आलेख आणि खाली एक शब्द. किती मिनिटं, का थांबले, कशाचाच पत्ता नाही. बीपीचे रकाने कोरे! आणि मी मूर्ख, तो कागद घेऊन घरी आले नि आईला सांगितलं, सगळं नॉर्मल.

निगेटिव्हचा अर्थ एवढाच, की हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण ईसीजीत दिसली नाही. झडप अरुंद असेल तर बघायचं वेगळंच असतं. किती दम टिकला, आणि चालताना वरचं बीपी चढलं का. ते चढलं नाही किंवा उलट उतरलं, तर ती धोक्याची खूण. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, 6 मिनिटं पुरी झाली की साधारण 7 मेट्स, म्हणजे स्वस्थ बसल्याच्या सातपट श्रम. दांडा धरून चाललात तर आकडा उगाच फुगतो.

दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर स्वतः शेजारी उभे राहिले. बीपी 130वरून 112वर आलं तेव्हा त्यांनीच पट्टा थांबवला. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) सरासरी ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, 46 निघाला (40च्या पुढे गंभीर धरतात). पुढे झडप बदलली.

तोवर मला वाटायचं, मला फारसा त्रास नाही. कसा असेल? ऑफिसात लिफ्ट, भाजी दारात, पुण्यातल्या पर्वतीच्या टेकडीवर न जाण्याचं कारण कायम तयार. जन्मापासून असंच असलं की आपलं 'नॉर्मल' किती खाली आहे ते कळत नाही. धापेबद्दल तोंड उघडलं की "हिमोग्लोबिन बघा, वजन कमी करा". बाईमाणसाला हे ठरलेलंच. असो.

माझं मत विचाराल तर इको आणि टीएमटीचा पूर्ण कागद झडपेचं काम बघणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवेपर्यंत वजनं उचलू नका. श्वास रोखून जोर लावला की बीपी एकदम उसळतं, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांची महाधमनीही फुगलेली असते. तिचा व्यास किती, तेही विचारा. चालताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर टीएमटीचा हट्टही धरू नका, आधी डॉक्टरांना सांगा. याचा अर्थ घरी बसा असा मुळीच नाही. झडप फार अरुंद नसेल तर चालणं, सायकल बहुतेकांना करू देतात.

भावंडांचा आणि आईवडिलांचा इकोही करून घ्या, हे घराण्यात असू शकतं. दातांची हेळसांड नको, तिथले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात.

मी आता पर्वतीच्या 103 पायऱ्या एका दमात चढते. गेल्या रविवारी वर पोचून मागे वळून पाहिलं, तर नवरा खाली साठाव्या पायरीवर फोनवर बोलायचं नाटक करत उभा.