गॅरेजमध्ये नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हेल्परनं काम करणं सुरक्षित आहे का?

नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे आणि गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, हा नियम आम्ही मोडत नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलाच्या दाबावर आणि सीलवर, म्हणजे तेल अडवून धरणाऱ्या कड्यावर असतो. सील गळायला लागलं की गाडी हळूहळू खाली बसते. फाटलं तर पोराला बाहेर सरकायलाही वेळ मिळत नाही. म्हणून वजनाला पुरतील असे जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणारे धातूचे आधार, गाडीच्या कंपनीनं ठरवून दिलेल्या जागीच लावा. विटा, सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते एकदम फुटतात. आणि हे बरेच जण विसरतात: बहुतेक कारचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच. मात्र स्टँडचा भरवसा पक्क्या, सपाट काँक्रीटवरच. आपल्याकडच्या पावसात मुरमाची जमीन भिजली की स्टँडचे पाय रुततात; तिथं गाडी उचलूच नका.