शॉर्टला लाखभर व्ह्यूज, मग तास का भरत नाहीत?

प्रश्न: द्राक्षबागेच्या कामांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. एका शॉर्टला लाखावर व्ह्यूज मिळाले, सबस्क्रायबर हजारापुढे गेले, पण ४००० तासांचा आकडा हलत नाही. काय करावं?
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर: शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत धरतच नाहीत. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १००० सबस्क्रायबर लागतात आणि शिवाय दोनपैकी एक: १२ महिन्यांत मोठ्या व्हिडिओंचे ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी वैध व्ह्यूज. तुम्हाला पहिली वाट जवळची. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. बघणारा सरासरी ४ मिनिटं थांबला तर वर्षात ६०,००० व्ह्यूज पुरतात.

२००५ साली सुरू झालेली ही साइट आधी व्हिडिओ किती जणांनी उघडला ते बघून तो पुढे करायची, त्यामुळे भडक मथळ्यांचं फावायचं. २०१२ पासून किती वेळ पाहिला याला वजन आलं. शिकवणाऱ्या चॅनेलना याचा मोठा फायदा झाला, आणि द्राक्षाला तर हे फारच सोयीचं आहे. बागायतदार छाटणीपासून दिवस मोजतो आणि त्या दिवसाचंच काम शोधतो. मथळ्यात द्राक्षाच्या वाणासकट तेच द्या: ‘सोनाका, फळछाटणीनंतर ४० दिवस, फुलोऱ्यात पाऊस, डाऊनी कशी ओळखावी’. सुरुवातीलाच पान जवळून दाखवा, डाऊनीचे (केवडा रोगाचे) वरचे तेलकट डाग आणि खालची पांढरी बुरशी. नमस्कार-चमत्कार नंतर.

खरड छाटणी आणि फळछाटणी यांच्या प्लेलिस्ट वेगळ्या ठेवा. वर्णनात प्रत्येक भागाची वेळ लिहा. पहिली वेळ शून्यापासून हवी, भाग किमान ३ आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा, नाहीतर चॅप्टर पडत नाहीत. शॉर्ट्स बंद करू नका. प्रत्येकाला ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून मोठा व्हिडिओ जोडा. फवारणीचा ब्लोअर चालू असताना बोलू नका, आणि कॉलर माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपी घाला. चित्र जरा अंधुक असलं तरी लोक बघतात, आवाज कळला नाही की लगेच निघून जातात.

कमेंटमध्ये ‘काय मारू?’ विचारणाऱ्याला आधी वाण, छाटणीचा दिवस आणि पाऊस विचारा. दुसऱ्या कुणी औषधाचं चुकीचं प्रमाण लिहिलं असेल तर ती कमेंट काढाच, कारण ते वाचून कुणीतरी फवारणी करेल. बरोबर उत्तर पिन करा. तोच प्रश्न चार जणांनी विचारला की तो पुढचा व्हिडिओ. लोक पुन्हा पुन्हा येतात ते यामुळे.

प्रश्न: गावच्या यात्रेच्या व्हिडिओत मागे लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं होतं. कॉपीराइट क्लेम आला. चॅनेल बंद होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नाही. क्लेम म्हणजे हक्कदाराने गाण्यावर सांगितलेला हक्क, स्ट्राइक म्हणजे चॅनेलला दिलेली ताकीद; दोन्ही वेगळे. कंटेंट आयडी ही यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. क्लेम आला की बहुधा त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे हक्कदाराकडे जातात, कधी व्हिडिओ अडवला जातो. चॅनेल धोक्यात येतं ते ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाल्यावर. ‘१० सेकंद गाणं चालतं’ असा कुठलाही नियम नाही.

यूट्यूब स्टुडिओत तो व्हिडिओ उघडून क्लेमच्या तपशिलात जा. तिथे तेवढा भाग कापता येतो, गाणं बंद करता येतं किंवा ऑडिओ लायब्ररीतलं दुसरं संगीत घालता येतं. हक्क खरोखर तुमचा असेल तरच हरकत घ्या. हक्कदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आणि त्याने व्हिडिओ काढण्याची रीतसर मागणी केली तर स्ट्राइक बसू शकतो.