रग्बी लीग आणि खेळाडूंचं मानसिक आरोग्य: पहिल्यांदाच लिहितोयस तर

विषय चांगला घेतलायस, लिहीच. सुरुवात टेरी न्यूटन या ब्रिटिश रग्बी लीग (13 जणांच्या संघांचा रग्बीचा प्रकार) खेळाडूपासून कर. फेब्रुवारी 2010 ला ग्रोथ हार्मोन हे खेळात मनाई असलेलं औषध घेतल्यावरून त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि त्याच सप्टेंबरमध्ये 31 व्या वर्षी त्याने जीव दिला. त्यानंतर 2011 ला इंग्लंडमध्ये स्टेट ऑफ माइंड ही संस्था उभी राहिली, ते लोक क्लबमध्ये जाऊन खेळाडूंशी या विषयावर बोलतात.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:
- एकच कारण धरून बसतात. "बंदीमुळे गेला" एवढं लिहून मोकळा होऊ नकोस.
- जीव कसा दिला याचं वर्णन करतात. अजिबात नको!
- जिवंत खेळाडूला सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) झालाय असं ठोकून देतात, त्याचं पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

दुखापतीकडे मात्र नीट बघ, कारण बाकीची टीम मैदानावर असते आणि जखमी खेळाडू एकटा फिजिओच्या टेबलावर, वर करार संपत आलेला, घराचे हप्ते चालूच. डॅनी स्कल्थॉर्प या रग्बी लीग खेळाडूचं वाच, पाठीची दुखापत, करार गेला, डिप्रेशन, शेवटी घरच्यांशी बोलला, आणि पुढे स्टेट ऑफ माइंडचंच काम करायला लागला.

डोक्याच्या मारावरून चाललेल्या कोर्ट केसेस आत्ता राहू दे, पहिला लेख झाला की बघू.